पहिल्या कॅसेटची अ बाजू

अब्बांच्या इन्तेकालानंतर चाळीस दिवसांनी आम्ही तिघा भावंडांनी त्यांचे कपाट उघडले. खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा होता आणि डब्यात तेवीस कॅसेटी. प्रत्येकीवर निळ्या शाईत अब्बांचे अक्षर: कुवेत, क्रमांक, महिना. पहिलीवर लिहिले होते, ‘कुवेत १, रमजान १९७९’.

ज्यांच्या घरातले कोणी त्या काळात आखातात होते त्यांना कॅसेट म्हणजे काय हे सांगायला नको. दादीला वाचता येत नव्हते आणि पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणे तिला आवडत नसे. म्हणून अब्बा बोलून पाठवायचे. रजेवर येणारा कोणी गाववाला कापड, टॉर्च आणि टाल्कम पावडरबरोबर कॅसेट आणून द्यायचा. मगरिबनंतर टेपरेकॉर्डर ओसरीवर यायचा, शेजारच्या बायका जमायच्या, आणि खोलीत नसलेला माणूस अर्धा तास बोलायचा. मग त्याच रात्री कोऱ्या कॅसेटवर आमचे उत्तर. ती उत्तरे मात्र आता कुठेच नाहीत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. अम्मानमार्गे विमानाने परतलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांत अब्बाही होते. हातात एक पिशवी, बाकी सगळे तिथेच. म्हणजे आमच्याकडे संभाषणाची एकच बाजू उरली होती.

खाडीकाठच्या घरात चाळीस वर्षे राहिलेल्या फितीचे काय होते ते डबा उघडताच वासावरून कळले. काही फितींवर पांढरी बुरशी होती. घाई करायला हवी होती. धाकटीने पुण्याहून टेप डेक आणला, तो लॅपटॉपला जोडला आणि काम सुरू झाले. कॅसेटचे काम घाई करून होत नाही. तीस मिनिटांची बाजू तीस मिनिटेच घेते. तेवीस कॅसेटी, शेहेचाळीस बाजू, तेवीस तास. आम्ही बटण दाबून दुसऱ्या खोलीत जायचो, पाहुणे, स्वयंपाक, जमिनीचे कागद बघायचो आणि वेळ झाली की बाजू पलटायला यायचो. ऐकायचे नंतर, सगळे मिळून, अम्मीसोबत, असे ठरवले होते. ते आम्हाला शहाणपणाचे वाटले होते.

पहिली कॅसेट सर्वांत जुनी. तिच्या दोन्ही बाजू लॅपटॉपमध्ये उतरल्या आणि मागे गुंडाळताना फीत डेकच्या चाकात गुंतली. ओढून काढताना तिचे तुकडे झाले. आम्ही फार हळहळलो नाही. “कॉम्प्युटरमध्ये आली ना,” असे कोणीतरी म्हणाले, आणि तो तपकिरी गुंता आम्ही कचऱ्यात टाकला. अक्षर होते म्हणून रिकामे प्लॅस्टिक तेवढे ठेवले.

आता फायलींविषयी. डेकवरून उतरवलेला आवाज वेव्ह प्रकारात होता. तो मिनिटाला साधारण दहा मेगाबाइट जागा खातो, म्हणजे एक बाजू तीनशे मेगाबाइटची आणि सगळ्या मिळून चौदा गिगाबाइटच्या आसपास. अम्मीच्या फोनवर हे मावणार नव्हते. एमपी-थ्री केले तर तीच बाजू तीस मेगाबाइटची होते. एफएफएमपेग नावाचा मोफत प्रोग्राम हे काम एका आज्ञेत करतो. पण आज्ञा एका फायलीपुरती. शेहेचाळीस वेळा टाइप करायची, शेहेचाळीस वेळा नाव बदलायचे, मध्ये चुकायचे. इथे शेल स्क्रिप्टमधला लूप कामाला येतो.

शेल म्हणजे कॉम्प्युटरची ती काळी खिडकी, जिथे माऊसऐवजी लिहून हुकूम द्यायचा असतो. तेच हुकूम एका फायलीत ओळीने लिहून ठेवले की ती झाली स्क्रिप्ट. लूप म्हणजे त्यातले आवर्तन. ‘फॉर’ लिहायचे, एक नाव ठरवायचे, समजा ‘फाईल’, मग ‘इन’ आणि तारेचे चिन्ह व डॉट वेव्ह, म्हणजे या फोल्डरमधल्या यच्चयावत वेव्ह फायली. पुढे ‘डू’, मग करायचे काम, शेवटी ‘डन’. कॉम्प्युटर पहिली फाईल घेतो, काम करतो, दुसरी घेतो, असे यादी संपेपर्यंत.

ही रचना स्टीफन बोर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या शेलमधून आली. तो शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. अब्बांच्या पहिल्या कॅसेटचेच साल. बोर्न यांची गंमत अशी की ‘इफ’ने सुरू केलेला भाग ‘फाय’ने संपतो आणि ‘केस’ने सुरू केलेला ‘एसॅक’ने, म्हणजे शब्द उलटा करून. त्या हिशेबाने ‘डू’ संपायला हवा ‘ओडी’ने. पण ओडी नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीपासूनच होती, म्हणून ‘डन’.

अम्मी दारात उभी राहून हे सगळे ऐकत होती. तिला समजावताना धाकटी म्हणाली, “तसबीहसारखं आहे अम्मी. दाणा बदलतो, पढायचं तेच.” अम्मीने मान हलवली आणि विचारले, “आणि एखादा दाणा निसटला तर? तसबीहमध्ये बोटाला कळतं.” आम्ही हसलो. कॉम्प्युटर मोजण्यात चुकत नाही, असे काहीतरी उत्तर दिले.

पहिला प्रयत्न फसला, पण त्यात नुकसान नव्हते. आमच्या फायलींची नावे ‘कुवेत ०१ अ’, ‘कुवेत ०१ ब’ अशी, मध्ये रिकामी जागा सोडलेली. शेलला रिकामी जागा म्हणजे एक शब्द संपला, दुसरा सुरू. ‘कुवेत’ नावाची फाईल कुठे आहे, असे तो विचारत बसला. बदलत्या नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घातली की अख्खे नाव एकच धरले जाते. ते केले. मग शहाण्या माणसासारखे मूळ कामापुढे ‘इको’ लिहून पाहिले. इको लावला की शेल काम करत नाही, काय करणार तेवढे छापून दाखवतो. शेहेचाळीस ओळी नीट छापल्या गेल्या. आम्ही खूश झालो.

आता दुसरी अडचण. लॅपटॉप जुना, त्यात मधल्याने पुतणीच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ आणून भरलेले. डिस्क जवळजवळ संपली होती. व्हिडिओ दुसरीकडे हलवायला ड्राइव्ह हवा होता आणि तो रत्नागिरीहून सोमवारी येणार होता. आम्हाला ते काम त्याच रात्री हवे होते, कारण दुसऱ्या दिवशी जुमा, सगळे घरी. मग तोडगा निघाला: प्रत्येक फाईल एमपी-थ्री झाली की तिची वेव्ह लगेच पुसून टाकायची, जागा आपोआप होत जाईल. एफएफएमपेगच्या आज्ञेनंतर अर्धविराम दिला आणि पुढे लिहिले ‘आरएम’, म्हणजे काढून टाक. ही ओळ कोणी टाइप केली ते लिहीत नाही. तिघांनी वाचली होती आणि तिघेही ठीक आहे म्हणालो होतो. इशाची नमाज झाली, लूप सुरू केला आणि झोपलो.

फजरला उठून पाहिले तर शेहेचाळीस एमपी-थ्री तयार, एकही वेव्ह शिल्लक नाही, डिस्कवर बारा गिगाबाइटहून अधिक मोकळे. अलहम्दुलिल्लाह म्हणून चहा केला.

जुम्याच्या जेवणानंतर अम्मीला विचारले, कोणती लावू. ती म्हणाली, पहिली. अब्बांचा आवाज आला, तरुण, आम्ही कधी ऐकलाच नाही असा. घाई नसलेला सलाम. दादीच्या गुडघ्याची चौकशी. थोरल्याचे नाव घेऊन, तो शाळेत जातो का. मग म्हणाले, “इथे आता साडेसात वाजलेत, तुमच्याकडे दहा झाले असतील, पाऊस” आणि आवाज थांबला. चार मिनिटे अकरा सेकंद. पुन्हा लावली. पाऊस, आणि शांतता. पुढे काही नव्हते.

काय झाले ते समजायला संध्याकाळ उजाडली. लूप सुरू झाला तेव्हा डिस्कवर चारेक मेगाबाइटच जागा होती. पहिली फाईल बदलायला घेतली, चार मिनिटांचा आवाज लिहून झाला आणि जागा संपली. एफएफएमपेगने तक्रार छापली व तो थांबला. पण अर्धविरामाचा अर्थ एवढाच, की हे संपले की पुढचे कर. कसे संपले, याची चौकशी त्यात नाही. म्हणून पुढचे झाले: पहिली वेव्ह पुसली गेली. तिने मोकळ्या केलेल्या तीनशे मेगाबाइटमध्ये दुसरी बाजू आरामात बसली, दुसरीच्या जागेत तिसरी, आणि उरलेल्या पंचेचाळीस बिनतक्रार पार पडल्या. तक्रारीची ती एक ओळ शेकडो ओळींच्या वर सरकून गेली होती. सकाळी आम्ही फायली मोजल्या. संख्या बरोबर होती.

पुसलेली फाईल परत मिळवणारे प्रोग्राम असतात. पण ते चालतात त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर. आम्ही तर त्याच जागेवर एकामागून एक बाजू लिहीत गेलो होतो. दोन दिवस प्रयत्न केला. अब्बांच्या बाजूचे काही हाती लागले नाही. आणि फीत आम्हीच टाकली होती.

अर्धविरामाच्या जागी ‘अँड’चे चिन्ह दोनदा दिले असते तर पुढची आज्ञा मागची यशस्वी झाली तरच चालली असती. दोन चिन्हांचा फरक. खरे तर पुसण्याचे काम त्या लूपमध्ये असायलाच नको होते. आता आमच्या स्क्रिप्टमध्ये ‘आरएम’ नाही. पहिला लूप बदलतो. दुसरा एफएफप्रोबकडून जुन्या आणि नव्या फायलीची लांबी सेकंदांत विचारतो आणि जुळली नाही तर नाव छापतो. तोवर मूळ फाईल हलत नाही. मूळ फायलींच्या तीन प्रती, तीन घरांत. फितीचा तुकडाही कोणी टाकत नाही.

आणखी एक खोड सांगून ठेवतो, कारण पुष्कळांचे डोके तिथे फिरते. निवडक बाजू आत्याला पाठवायच्या होत्या म्हणून त्यांची यादी एका फायलीत केली आणि ‘व्हाइल रीड’ने एकेक ओळ वाचणारा लूप लिहिला. तो एक फाईल करून गप्प बसायचा. कारण एफएफएमपेग मध्येच कोणी कळ दाबतो का ते ऐकत असतो, आणि लूपसाठी ठेवलेली उरलेली यादी तोच गिळून टाकतो. त्याला ‘नोएसटीडीइन’ हा पर्याय दिला की तो कान बंद ठेवतो.

अम्मीने आम्हाला एका शब्दाने दुखावले नाही. दोन-तीन आठवड्यांनी, एका दुपारी, तीच म्हणाली, “फोन चालू करा, मी सांगते पुढचं.” आम्हाला वाटले, काही मोठे, जपून ठेवलेले ऐकायला मिळणार. तिने सांगितले ते असे: पाऊस किती झाला. पडवीची कौले परतली का. दुकानाची उधारी किती, पाठवलेल्या पैशातून आधी कोणाचे द्यायचे, मग कोणाचे. मामूंचे ऐंशी रुपये त्यांनी मागितले नाहीत तरी द्यायचे. खोलीत सहा माणसे, त्यात एक केरळचा, तो बिर्याणी चांगली करतो. शहाळे आठवते. रोजे सुरू आहेत, ऊन सोसत नाही, पण हे अम्माला, म्हणजे आमच्या दादीला, सांगू नका. “आणि ते अम्माच ऐकत होती समोर बसून,” अम्मी म्हणाली आणि हसायला लागली. “तीस मिनिटांत वीस मिनिटं हिशेब. सगळ्यांसमोर वाजणार, मग माणूस आणखी काय बोलणार?”

हे सात मिनिटांचे झाले. फाईलचे नाव ‘कुवेत ०१ अ अम्मी’ असे ठेवले आहे, आणि नावाच्या क्रमाने ती अब्बांच्या चार मिनिटांनंतर लगेच लागते. तिच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते आणि अम्मी विचारते, “बंद झालं का ते?”