माळावरच्या शंभर पेट्या

एल पासो मागे पडलं की रस्ता पूर्वेला लागतो आणि मैलोन् मैल वळायचं नाव घेत नाही. दोन्ही बाजूंना पिवळट गवताचा माळ, लांबवर निळ्या डोंगरांची रांग आणि उजव्या हाताला, दिसत नसला तरी, मेक्सिको. वाटेतच घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. टेक्सस एवढं रुंद आहे की सगळं एका वेळेत मावत नाही. व्हॅन हॉर्नला हमरस्ता सोडून आपण दक्षिणेच्या दुपदरी रस्त्याला लागतो. तिथून पुढे व्हॅलेंटाइन नावाचं ओसाडसं गाव, सीमेवर नजर ठेवण्यासाठी जाड दोराने बांधलेला एक अजस्र पांढरा फुगा, तारेची कुंपणं, गाई, आकाश. आणि मग मार्फा.

या व्हॅन हॉर्नशीच पुढची सगळी कथा जोडलेली आहे. १९४६ साली सैन्यात भरती झालेला अठरा वर्षांचा एक मुलगा बसने पश्चिमेला चालला होता. पुढे कोरियाला जायचं होतं. व्हॅन हॉर्नहून त्याने आईला तार केली : गाव छान आहे, मुलूख सुंदर आहे, इथे डोंगर आहेत. त्या मुलाचं नाव डोनाल्ड जड्ड. पंचवीस वर्षांनी, न्यू यॉर्कच्या कलाजगतात मोठं नाव झाल्यावर, तो याच मुलखात जागा शोधत परत आला. आज जगभरातून माणसं अठराशेसुद्धा वस्ती नसलेल्या या मार्फात येतात ती त्याने मांडून ठेवलेलं काम बघायला. गावात १८८६ सालचं घुमटाचं कोर्ट आहे, रेल्वेमार्ग आहे, पाण्याची उंच टाकी आहे. जेम्स डीनच्या शेवटच्या सिनेमाचं, ‘जायंट’चं, चित्रीकरण १९५५ मध्ये इथल्याच माळावर झालं होतं. पण एवढ्यासाठी कुणी विमान बदलून आणि तीन तास गाडी हाकून येत नाही.

जड्डची सुरुवात चित्रकार म्हणून झाली. १९५७ साली न्यू यॉर्कच्या पॅनोरस गॅलरीत त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन भरलं, ते चित्रांचं. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला हा माणूस १९५९ पासून ‘आर्ट्‌स’ मासिकात दुसऱ्यांच्या प्रदर्शनांवर परीक्षणं लिहून पोट भरत होता, आणि लिहिता लिहिता स्वतःच्या चित्रांवरचा त्याचा विश्वास उडत चालला होता. सपाट कापडावर खोलीचा आभास का निर्माण करायचा? खरी जागा समोर असताना खोटी का रंगवायची? हा प्रश्न त्याने शेवटपर्यंत नेला. चित्र भिंतीवरून सुटून जमिनीवर आलं. १९६३ च्या डिसेंबरात ग्रीन गॅलरीत त्याने लाकडाच्या वस्तू मांडल्या. सुतारकामाला वडिलांचा हात होता, आणि रंग एकच, झगझगीत कॅडमियम लाल. त्या लालात वस्तूच्या कडा नेमक्या उठून दिसतात म्हणून तो निवडलेला. त्यानंतर लाकूडही मागे पडलं. पत्र्याचं काम करणाऱ्या कारखान्यात जायचं, आराखडा द्यायचा आणि कारागिरांकडून वस्तू बिनचूक करून घ्यायची, हा त्याचा मार्ग झाला. कलाकाराच्या बोटांचा ठसा कुठेच नाही. याला कला म्हणायचं का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं.

पण दारं उघडत गेली, आणि भराभर उघडत गेली. १९६६ मध्ये लिओ कॅस्टेलीच्या गॅलरीत प्रदर्शन. त्याच वर्षी ज्यूइश म्यूझियममधल्या ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ या गाजलेल्या समूहप्रदर्शनात जागा. १९६८ मध्ये व्हिटनी म्यूझियमने त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा त्याची चाळिशीही उलटली नव्हती. त्याच वर्षी जर्मनीत कासेलचं डॉक्युमेंटा हे प्रदर्शन. १९७५ मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात प्रदर्शन, १९८८ मध्ये पुन्हा व्हिटनी. एखाद्या कलावंताने आयुष्यभर ज्याची वाट पाहावी ते या माणसाला ऐन उमेदीत मिळालं.

आणि तरीही तो खूश नव्हता. त्याचं भांडण प्रदर्शन या गोष्टीशीच होतं. महिना-दोन महिन्यांसाठी काम मांडायचं, तेही दुसऱ्याने ठरवलेल्या खोलीत, दुसऱ्याने ठरवलेल्या उजेडात. मग उतरवायचं, पेट्यांत भरायचं, ट्रकवर चढवायचं. प्रत्येक प्रवासात पत्र्याला पोचा नाहीतर ओरखडा. उघड्या धातूवर एक बोट लागलं तरी डाग पडतो. एका इटालियन संग्राहकाच्या परवानगीने तर त्याच्या नावाचं एक काम त्याला न विचारता कारखान्यात बनवून १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका प्रदर्शनात मांडलं गेलं. ते माझं नाही, असं जड्डला जाहिरात देऊन सांगावं लागलं. कुठेतरी एक जागा अशी हवी, असं त्याचं म्हणणं होतं, जिथे काम एकदाच, नीट, कायमचं लावलेलं असेल. एकेकाळी मीटरचं प्रमाण ठरवणारी प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी जशी जपून ठेवतात, तसं आपल्या काळातल्या कलेचं माप तिथे घेता यावं.

मुंबईत जहांगीरला चित्रकाराला आठवड्याभराची जागा मिळते आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. सोमवारी संध्याकाळी भिंतीवरून उतरणारी चित्रं ज्याने पाहिली असतील, त्याला जड्डची ही तगमग समजावून सांगावी लागत नाही.

त्याचं पहिलं उत्तर न्यू यॉर्कमध्येच होतं. १९६८ मध्ये त्याने १०१, स्प्रिंग स्ट्रीट ही ओतीव लोखंडाची पाच मजली जुनी इमारत अडुसष्ट हजार डॉलरला घेतली आणि राहायच्या घरातच आपलं आणि मित्रांचं काम कायमचं मांडलं. दुसरं उत्तर म्हणजे मार्फा. १९७१ पासून तो इथे येऊ लागला आणि दोनएक वर्षांत जागा विकत घ्यायला लागला. १९७९ मध्ये डिया आर्ट फाउंडेशनच्या पैशांतून गावाच्या टोकाला असलेली जुनी लष्करी छावणी, फोर्ट डी. ए. रसेल, घेतली गेली. जवळजवळ ३४० एकर. मेक्सिकन क्रांतीच्या काळात सीमेच्या बंदोबस्तासाठी वसवलेली ही छावणी दुसऱ्या महायुद्धानंतर बंद पडली होती.

तोफखान्याच्या दोन शेडमध्ये सध्या जे आहे ते पाहताना मला शब्द सुचले नाहीत. विटांच्या लांबच लांब इमारती, तोफा ठेवण्यासाठी बांधलेल्या. लांबीच्या दोन्ही बाजूंना गॅरेजची दारं होती. जड्डने ती काढून तिथे चार चौकोनांची मोठाली काचेची तावदानं बसवली. सपाट छप्पर गळत होतं, म्हणून त्यावर पन्हळी पत्र्याचं अर्धगोल छत चढवलं. आत काँक्रीटच्या उघड्या जमिनीवर ॲल्युमिनियमच्या पेट्या, तीन रांगांत. एका शेडमध्ये ४८, दुसरीत ५२. मिळून शंभर. प्रत्येक पेटी बाहेरून सारखी : ४१ इंच उंच, ५१ इंच रुंद, ७२ इंच लांब. बनवल्या कनेटिकटमधल्या लिपिनकॉट कारखान्यात, १९८२ ते १९८६ या काळात. आतून मात्र एकही दुसरीसारखी नाही. एकीचा वरचा पत्रा काढलेला. दुसरीत मधोमध तिरका पडदा. तिसरीची एक बाजू आत सरकवलेली, त्यामुळे कडेला अंधाराची एक चीर. चौथी आरपार.

आमच्याबरोबर, हे सगळं आता सांभाळणाऱ्या चिनाटी फाउंडेशनची, एक तरुण वाटाड्या होती. दार उघडताना तिने एवढंच सांगितलं की हात लावू नका, बॅग पुढे घ्या आणि कितीही वेळ थांबा. मग ती बाजूला झाली. सकाळचं ऊन पूर्वेच्या काचांतून आत पडलेलं होतं. जवळची पेटी पांढरी शुभ्र, तिच्यामागची आकाशाच्या निळ्या रंगाची, तिच्यापलीकडची तपकिरी, कारण बाहेरचं गवत तिच्यात उतरलं होतं. मी एका पेटीसमोर वाकून उभा राहिलो. आतला पडदा आणि त्याचं प्रतिबिंब, यातलं खरं कोणतं ते डोळ्यांना ठरवता येईना. धातू काचेसारखा पारदर्शक वाटायला लागला. एक पाऊल डावीकडे सरकलो आणि भरीव वाटत होती ती बाजू पोकळ निघाली. तेवढ्यात सूर्यावर ढग आला. शंभरातल्या माझ्यापुढच्या सगळ्या पेट्या एका क्षणात करड्या, जड, मुक्या झाल्या. ढग सरला आणि पुन्हा पेटल्या. आयुष्यात भरपूर कलादालनं पाहिली, पण सूर्याने प्रदर्शन चालवावं असं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

भिंतीवर जुनी जर्मन अक्षरं आहेत. महायुद्धात इथे जर्मन युद्धकैदी ठेवले होते. डोकं गमावण्यापेक्षा डोकं वापरलेलं बरं, अशा अर्थाची ती सूचना जड्डने पुसली नाही. इमारतीचं पूर्वीचं आयुष्य त्याने झाकलं नाही, याचं मला फार मोल वाटलं.

बाहेर माळावर काँक्रीटचे पंधरा समूह, सरळ रेषेत, जवळजवळ एक किलोमीटर. प्रत्येक घटक अडीच मीटर उंच, अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. भिंतींची जाडी २५ सेंटिमीटर. हे आधी झालं, १९८० ते १९८४ मध्ये, आणि जागेवरच ओतलं गेलं. यांच्यामधून चालताना पायाखाली बघावं लागतं, गवतात साप असतात. मध्ये शिंगवाली हरणं चरत होती. त्यांना या भिंतींच्या सावलीचं काही नवल नव्हतं.

जड्डने आपल्याच कामाचं देऊळ उभारलं असतं तर मला ते एवढं भावलं नसतं. त्याने मित्रांनाही तेवढीच, कधी त्याहून मोठी जागा दिली. गावातल्या लोकरीच्या जुन्या गोदामात जॉन चेंबरलेनची मोडक्या मोटारींच्या पत्र्यांची शिल्पं आहेत. सहा बराकींत डॅन फ्लेव्हिनच्या रंगीत ट्यूबलाइट आहेत. हे काम खुलं झालं २००० मध्ये, तोवर जड्ड हयात नव्हता. रशियाहून आलेल्या इल्या काबाकोव्हने एका बराकीत ओस पडलेली सोव्हिएत शाळा उभी केली आहे : धूळ, विखुरलेल्या वह्या, मोडकी बाकं. जड्डच्या काटेकोर पेट्यांच्या शेजारी एवढी पसाऱ्याची खोली असणं हे त्याच्या मनाच्या मोठेपणाचंच लक्षण म्हणावं लागेल.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. ऐंशीच्या दशकात तेलाच्या व्यवसायातले शेअर कोसळले आणि डियाचा पैसा आटला. जड्डने कोर्टात खेचण्याची धमकी दिली. अखेर १९८६ मध्ये चिनाटी फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था म्हणून उघडली आणि काम वाचलं. जड्ड १९९४ मध्ये कॅन्सरने गेला, वय ६५. त्याच्यानंतरही मोठी प्रदर्शनं झाली : २००४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये, २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या मोमा या संग्रहालयामध्ये. मोमाचं मार्चमध्ये उघडलं आणि काही दिवसांतच महामारीमुळे बंद करावं लागलं. कितीतरी महिने ती शिल्पं कुलूपबंद अंधारात होती. मार्फाच्या शेडमधल्या पेट्यांवर मात्र त्या काळातही रोजचं ऊन पडत होतं.

गावाला याची किंमत मोजावी लागली आहे, हेही सांगायला हवं. गावात आता महागडी दुकानं आहेत, कॉफीचे दर न्यू यॉर्कचे आहेत, आणि पिढ्यान् पिढ्या मातीच्या घरात राहणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना वाढलेली घरपट्टी जड जाते. ज्याला गर्दीपासून लांब जागा हवी होती त्याच्याच नावाने गर्दी आली. हे दुःख मला खरं वाटतं, आणि त्यावर सोपा तोडगा दिसत नाही.

तरीही माझं मत पक्कं आहे : न्यू यॉर्कच्या दालनांत जड्डची जी कामं पाहिली ती चांगलीच आहेत, पण त्याचं खरं मोठेपण पाहायचं तर मार्फालाच जायला हवं.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला मुलांकडे महिनेच्या महिने राहायला जाणारे मराठी आईवडील आता हजारोंनी आहेत. नासा आणि मॉल पाहून झाले की मुलांना म्हणा, आम्हाला मार्फाला ने. गाडीने दिवसभराचा प्रवास आहे. चिनाटीची फेरी आगाऊ नोंदवावी लागते, ती आधी नोंदवा. सकाळची वेळ घ्या, टोपी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, बंद बूट घाला. आणि तोफखान्याच्या शेडमध्ये गेल्यावर एका पेटीपुढे, एक ढग येऊन जाईपर्यंत तरी, उभे राहा.