चौथ्या नंबरचे बेअरिंग

यंदा गणपती झाल्यावर मामांच्या गॅरेजातली फळी आवरायला मामीने मला बोलावून घेतले. मामांना जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. घाटल्याच्या रस्त्यावरची ती पत्र्याची शेड आता एका टायरवाल्याला भाड्याने द्यायची होती. पाने, पुलर, फाटकी गॅस्केटे असे एकेक बाहेर काढता काढता दूध पावडरीचा एक जुना डबा हाती लागला. आत धोतराच्या चिंधीत काहीतरी गुंडाळून ठेवले होते. चिंधी सोडवली तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची एक जोडी. दोन अर्धगोल कवचे, काळवंडलेली. मी ती पाहताक्षणी ओळखली.

ज्या वाचकांचा मोटारीशी संबंध भाडे देण्यापुरताच आला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचे खालचे रुंद टोक, गॅरेजातल्या भाषेत बिगेंड, क्रँकला मिठी मारून बसते आणि त्या मिठीच्या आत ही दोन कवचे असतात. पाठ पोलादाची, पोट मऊ धातूचे. खरे पाहता क्रँक या धातूवर फिरतच नाही. तो तेलाच्या पडद्यावर फिरतो आणि त्या पडद्यासाठी ठेवलेली फट किती, तर इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले दोनएक भाग. फट मोजायला मामा मेणासारखा मऊ हिरवा दोरा क्रँकवर ठेवून वरून रॉड आवळीत आणि चेपलेला दोरा किती रुंद झाला ते पट्टीवर पाहत. मला ती जादू वाटे.

मामा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात इंजिने जोडायला शिकले आणि पुढे चेंबूरला स्वतःचे गॅरेज काढून बसले. गिऱ्हाइके बहुतेक टॅक्सीवाले. त्या काळी मुंबईची टॅक्सी म्हणजे पद्मिनीच. शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा मामांनी वर्तमानपत्रातला तिचा फोटो कापून ठेवला होता. शर्यतीचे इंजिन त्यांनी जन्मात एकच बांधले, १९९४ साली. दादरच्या पारशी कॉलनीतला एक तरुण आपली पद्मिनी घेऊन आला. मद्रासजवळ (मद्रासचे अजून चेन्नई झाले नव्हते) इरुंगट्टुकोट्टईला १९९० साली शर्यतींचा नवा मार्ग झाला होता, तिथे त्याला गाडी पळवायची होती. मामा हरखून गेले. तरुणपणी त्यांनी शोलावरमच्या शर्यती पाहिल्या होत्या. महायुद्धातली ती विमानांची धावपट्टी आणि तिच्यावर धावणाऱ्या फियाट गाड्या यांचे वर्णन करताना त्यांचा चहा गार होई.

इंजिन तेच, १०८९ सीसीचे. परंतु टॅक्सीत मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या क्रँकने आता सहा हजारांच्या वर फिरायचे होते. "दुप्पट फिरवलं की दुप्पट ओढ बसत नाही, चौपट बसते," असे म्हणून मामांनी एक नट सुतळीला बांधून माझ्या हातात दिला आणि गरगर फिरवायला सांगितले. सुतळी बोटात रुतली. मग म्हणाले, "आता सांग, बेअरिंग कुठलं घालू?"

जणू मला कळत होते! मी दहावीत होतो. (त्या पुढचे माझे शिक्षण म्हणजे चित्रकला-शिक्षकाचा कोर्स.) पण मामा खरोखरच पेचात होते. ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आम्ही दोनदा हिंडून आलो. क्रँक घासून घेतलेला, त्यामुळे 'दहा अंडर'चीच जोडी हवी होती. समोर दोन प्रकार होते. एक पांढऱ्या धातूचे, म्हणजे बॅबिटचे. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकनाने १८३९ मध्ये कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रणाची ही युक्ती काढली. दुसरे तांबे-शिशाचे, कठीण. ते त्या तरुणाने परदेशातून मागवले होते.

"पांढरं बेअरिंग स्वभावानं गरीब," मामा म्हणाले. "तेलातून कचरा आला तर आपल्या पोटात दाबून घेतं, क्रँकला ओरखडा येऊ देत नाही. पण असं पळवलं तर थकतं, भेगा पडतात. तांब्याचं ताकदीचं खरं, पण त्याला घाण सोसत नाही. एक कण आला की ते स्वतःही जातं आणि क्रँकलाही नेतं."

चार दिवस त्यांनी यावर घालवले. आमच्याकडे मुलीला स्थळ पाहतानासुद्धा एवढा विचार झालेला मी पाहिलेला नाही. पाचव्या दिवशी कठीण बेअरिंग ठरले. "मात्र तेलवाटा आरशासारख्या हव्यात," ते म्हणाले. क्रँकच्या पोटातून तिरक्या नळ्या जातात, त्यांतून बेअरिंगला तेल पोचते. घासणीचा बारीक कीस तिथे अडकून बसतो. त्या साफ करण्याचे काम मामांनी मला दिले, कारण माझ्या चित्रांत रेघ कधी बाहेर जात नसे.

वसुबारसेची संध्याकाळ होती. तार, चिंधी, रॉकेल, मग हवेचा झोत, अशा तीन वाटा मी मन लावून साफ केल्या. चौथीला हात घालतो तोच गल्लीतली मुले कंदील टांगायला बोलवायला आली. मी चौथीत नुसते रॉकेल ओतले आणि हात पुसले.

"चारी?" मामांनी विचारले.

"चारी," मी म्हणालो.

शर्यत हिवाळ्यात झाली. मी गेलो नव्हतो. सातव्या फेरीत बिगेंडने आवाज दिला, तेलाचा दाब पडला आणि पुढच्याच वळणावर इंजिन जाम झाले. गाडी गवतात जाऊन उलटली. चालवणाऱ्या तरुणाचा हात मोडला. मान वाचली एवढेच म्हणायचे. आठ दिवसांनी त्याचे वडील गॅरेजात आले. मामा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "निवड माझी चुकली. मऊ बेअरिंग घालायला हवं होतं." मजुरीचा एक पैसाही त्यांनी ठेवून घेतला नाही.

इंजिन उघडले तेव्हा दिवा धरायला मीच होतो. पहिल्या तीन जोड्यांवर सारखी, मंद राखाडी झिलई होती. चौथी निळी-काळी पडून जागची फिरली होती. तेलाच्या भोकाच्या काठापासून निघालेल्या समांतर रेघा तिच्यावर उमटल्या होत्या आणि रेघांच्या टोकाला सुईच्या अग्राएवढे काहीतरी चकाकत होते. मामांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले. भिंग माझ्याकडे दिले नाही. "जा, दोन चहा सांग," एवढेच म्हणाले.

त्यानंतर प्रत्येक क्रँकच्या वाटेत ते स्वतः टॉर्च मारून पाहत, टॅक्सीचा असला तरी. "चारी?" असे मला पुन्हा कधी विचारले नाही, आणि मीही काही बोललो नाही. पुढे मी चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत कितीतरी जणांची पापे मोकळेपणाने मांडली. हे मात्र कुठेच आले नाही.

डबा हातात घेऊन मी शेडच्या उंबऱ्यावर बसलो आणि मामीला सगळे सांगितले. ती पाने पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"मला ठाऊक आहे रे. ह्यांनी त्याच रात्री सांगितलं होतं. म्हणाले, त्याला काही विचारू नकोस, त्याची दहावी आहे."

मग तिने डबा माझ्याकडून घेतला, चिंधी पुन्हा नीट गुंडाळली आणि झाकण दाबून बसवले.

"ही फळी टायरवाल्याला हवी आहे का, विचारलंस?" ती म्हणाली.