दोन काटे

न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम १६८७ साली ग्रंथबद्ध झाला. नववीच्या मुलांना तो जपमाळेसारखा तोंडपाठ असतो. प्रतीती मात्र नसते. (जपमाळेचेही पुष्कळदा तसेच, असो.) म्हणून वर्गात आम्ही स्प्रिंगचे दोन ताणकाटे एकमेकांत अडकवतो. एक टोक धिप्पाड मुलाच्या हाती, दुसरे किरकोळ मुलीच्या. ओढण्यापूर्वी आकड्यांचा अंदाज फळ्यावर लिहायचा, ही अट. वर्ग एकमुखाने सांगतो, ‘त्याचाच जास्त!’ दोन्ही काटे २० न्यूटनच दाखवतात. काटा बिघडला म्हणावे, तर काट्यांची अदलाबदल करूनही आकडे सारखेच.

‘मग सरकले मीच का?’ तिने विचारले. पायांखालच्या गुळगुळीत फरशीकडे पाहत तीच पुढे म्हणाली, ‘फादर, बूट घालून येऊ?’