दुसऱ्यांच्या घरचा उजेड

नट गेला की त्याचा चेहरा मागं राहतो, गायक गेला की गळा. कॅमेरामन गेला की मागं राहतात ती इतरांची घरं, इतरांची अंगणं, इतरांच्या तोंडावर पडलेलं ऊन. तो स्वतः कुठल्याच चौकटीत नसतो. असणार तरी कसा? चौकट आखणारा तोच.

कॅमेरामन देबू देवधर २०१० साली गेले. अशा वेळी चित्रपटांची यादी छापून येते आणि त्यांची यादी खरोखरच भारदस्त आहे: ‘प्रहार’, ‘लपंडाव’, ‘बनगरवाडी’, ‘दायरा’, ‘सरकारनामा’, ‘कैरी’, ‘ध्यासपर्व’, ‘अनाहत’. पण सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटल्यावर आम्ही मित्र पुणे रस्त्याच्या कडेला टपरीवर टेकतो आणि कधी देवधरांचा विषय निघतो, तेव्हा यादी निघत नाही. निघतात ती घरं. धनगरांची बुटकी घरं. ‘कैरी’तल्या मावशीचं घर. रघुनाथ कर्व्यांचं घर. आम्ही काही त्यांचे मित्र नव्हतो, ओळखीचेही नव्हतो. तरी ज्या माणसानं आपल्याला ओसरीवर ताटकळत न ठेवता थेट माजघरात नेलं, त्याला परका कोणत्या तोंडानं म्हणायचं?

‘बनगरवाडी’ तर आमच्या उंबऱ्यावरचाच. चिंचोळीहून मोहोळ, पंढरपूर, सांगोला करत गेलं की माणदेश लागतो. सांगोला तर आमच्याच जिल्ह्यातला. तिथलं ऊन आम्हाला पाठ आहे. ते वरून पडत नाही, खालून येतं. दुपारी माळावरची पांढरी माती असं काही परतवते की माणसाचे डोळे कायमचे बारीक होतात. मुंबईच्या पडद्यावरचं खेडं बहुतेकदा न्हाऊन-माखून बसलेलं असतं, हिरवंगार, संध्याकाळचं सोनेरी. व्यंकटेश माडगूळकरांच्या वाडीला हा दागिना चाललाच नसता. अमोल पालेकरांनी १९९५ साली ती कादंबरी पडद्यावर आणली, त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक ‘बनगरवाडी’ला मिळालं, आणि देवधरांनी त्यात ऊन उन्हासारखं ठेवलं. औंध संस्थानातला तरणा मास्तर वाडीत येतो, शाळा भरवतो, तालीम बांधून घेतो, राजा येऊन जातो, आणि मग दुष्काळ एकेक घर रिकामं करत जातो. रिकाम्या घराला ऊन वेगळं लागतं. माणसं असताना ते दारात थांबतं, माणसं गेल्यावर आत शिरून बसतं. हे आम्हाला माहीत होतं, पण पडद्यावर बघेपर्यंत माहीत असल्याचं माहीत नव्हतं.

आमच्यातला एकजण फौंड्रीत आहे. चिंचोळीत ओतकामाचे कारखाने आहेत, तिथं भट्टीसमोर त्याची उमर गेली. लोखंड ओतायला तयार झालं की नाही, हे त्याला पायरोमीटरच्या आधी कळतं. रंगावरून. चौदाशे अंशांच्या आसपास रस पिवळ्या-नारिंगीवर येतो, लेडल कलंडतं, आणि अख्ख्या शेडमधल्या माणसांच्या चेहऱ्यांची एक बाजू क्षणभर उजळते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दुसऱ्या मित्रानं त्याला एकदा सांगितलं, की कॅमेरामन उजेडाचा रंग मोजतात तो याच हिशोबानं. दुपारचं ऊन ५,६०० केल्विन, स्टुडिओतला टंगस्टनचा दिवा ३,२००, मेणबत्ती १,९०० च्या आसपास. मग दोघांनी टपरीवरच्या वहीच्या पाठीमागे आकडेमोड केली. चौदाशे अंश सेल्सिअस म्हणजे जवळजवळ १,६७० केल्विन. भट्टीतला रस मेणबत्तीहूनही थोडा लालसर, पण मेणबत्ती-कंदिलाच्याच बाजूचा! फौंड्रीवाला गप्पच झाला. आपण रोज पोटासाठी बघतो तो रंग आणि वाडीतल्या रात्रीचा रंग एकाच घराण्यातला निघावा, याचं त्याला काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर तो सिनेमा बघताना दिव्यांकडे बघू लागला, एवढं मात्र खरं. आधी तो फायटिंगकडे बघायचा.

घरातला उजेड पडद्यावर आणणं हे भारी अवघड काम. उन्हात कॅमेरा लावता येतो. घरात उजेड घडवावा लागतो, आणि घडवलेला दिसू द्यायचा नसतो. ‘अपराजितो’साठी बनारसमधलं घर स्टुडिओत उभं केलं तेव्हा सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं, दिवे त्याच्यावर मारले आणि तिथून परतलेला उजेड खाली सोडला. वाड्याच्या चौकात आकाशातून येतो तसा, सावलीचं टोक नसलेला. त्यानंतर आपल्याकडच्या कॅमेरामनांना ती वाट मिळाली. त्या वाटेवर पुढं थर्माकोलचे पांढरे पत्रे आले आणि ते धरून उभी राहणारी पोरं आली. फिल्मच्या काळात हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. आणि लांब आउटडोअरला काय टिपलं हे लॅबमधून रशेस येईपर्यंत दिसायचं नाही. हातातलं लाइट मीटर आणि छातीतला विश्वास, एवढ्यावर दिवसाचा खर्च लागलेला असे. आज आमचा लग्नवाला मित्र नवरीला स्टेजवरच फोटो दाखवतो आणि ती म्हणते, ‘‘गोरी करा की.’’ तो करतोही.

‘कैरी’ जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथेवरचा. अनाथ पोर मावशीकडे येते, आणि मावशीच्या संसारात सुखाचा पत्ता नाही. ‘ध्यासपर्व’मध्ये मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतलेलं कर्वे जोडपं आहे, १९२७ साली सुरू झालेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक आहे, त्याच्यावरचे खटले आहेत, आणि नवऱ्याच्या एकाकी लढाईला सोबत करणाऱ्या मालतीबाई आहेत. या घरांत कुणी मोठ्यानं रडत नाही. ज्या घरात दुःख बोललं जात नाही तिथं ते भिंतीवर दिसावं लागतं. अंधार कुठं ठेवायचा याची समज नसलेला कॅमेरामन तिथं सगळं लख्ख करून ठेवील आणि प्रेक्षकाला काहीच दिसणार नाही.

आणि ‘लपंडाव’! एका प्रेमपत्राच्या घोळातून हसवत नेणारा. १९९३ च्या राष्ट्रीय पारितोषिकांत तोही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. दिग्दर्शन श्रावणी देवधरांचं, छायाचित्रण देबू देवधरांचं. नवराबायको. पुढं ‘सरकारनामा’ही दोघांचा. मुलगी सई अभिनयात. म्हणजे या घरात एक सांगणारी, एक बघणारा आणि एक दिसणारी. आमच्याकडे नवरा ड्यूटीवरून आला की चपलेबरोबर कारखाना बाहेर काढून ठेवतो, निदान तसा प्रयत्न करतो. या घरात कारखाना बाहेर कुठं ठेवायचा? सेटवर दिग्दर्शकाचं ऐकायचं असतं, आणि दिग्दर्शकच संध्याकाळी विचारणार, ‘‘जेवायला काय करूया?’’

असा संसार आपल्या सिनेमाला नवा नाही, उलट तो जन्मल्यापासूनचाच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, आणि फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्याचं काम रात्री अंधारात सरस्वतीबाई करायच्या. दिवसा अख्ख्या युनिटचा स्वयंपाक. एक बाई एका दिवसात चुलीचा जाळ आणि काळोख, दोन्ही सांभाळत होती. पोस्टरवर फाळके आले. मला हे नेहमी खटकतं, आणि खटकायलाच हवं. देवधरांच्या घरी हिशोब थोडा तरी सरळ झाला: बाईचं नाव दिग्दर्शक म्हणून, नवऱ्याचं छायाचित्रकार म्हणून, एकाच पडद्यावर. ‘लपंडाव’ बघताना आम्ही जे हसलो त्यात या सरळ हिशोबाचा वाटा असावा असं मला उगाचच वाटत आलंय.

देवधरसाहेब, तुम्ही कुणाच्या गालावर किती ऊन पडू द्यायचं हे ठरवत होतात, तेव्हा आम्ही इथं माळावर शेड उभ्या राहताना बघत होतो. पूर्वी इथं ज्वारी डोलायची. शेजारच्या रानांत अजून डोलते. रात्रपाळीला हायवेवरच्या ट्रकांचे झोत पत्र्यांवरून सरकत जातात, उसाच्या हंगामात तर त्यांना खंड नसतो. आमच्यापैकी कुणाच्या घराला कधी कॅमेरा लागला नाही. लागला तो बारशाला आणि लग्नाला, डोळे दिपवणारा दिवा लावून, आणि त्या फितींत आमची आई कायम डोळे मिटलेली आहे. तुम्ही असतात तर तो दिवा विझवला असतात. खिडकीकडे बघितलं असतंत. आईला म्हणाला असतात, ‘‘तिथंच बसा, भाकरी थापत राहा.’’ आणि परातीतून, पिठाच्या पांढऱ्यातून परतणारा उजेड तिच्या हनुवटीखाली पोचेपर्यंत थांबला असतात. तेवढ्यासाठी रिफ्लेक्टर लागत नाही, हे तुम्हाला कळलं असतं. आमच्या आयांची अशी एकेक फ्रेम राहून गेली. तुमच्या जाण्याचं आमचं दुःख हे असं जरा आपमतलबी आहे.

हंपीच्या दगडांत घेतलेल्या ‘अनाहत’बद्दल मी फार बोलत नाही. देखणा आहे, पण राजवाड्यात मला करमत नाही.

फौंड्रीवाल्याला मात्र ‘लपंडाव’ सगळ्यांत वर वाटतो, कारण त्यात माणसं घरात भांडतात आणि घर घरासारखं दिसतं. लग्नवाला ‘बनगरवाडी’च्या खाली उतरायला तयार नसतो. परवा वाद रंगला, चहा दुसऱ्यांदा आला, आणि लग्नवाल्यानं मध्येच विचारलं, ‘‘काय बे, एवढा मोठा कॅमेरामन. सोताच्या घरात ट्यूबलाईट लावली असंल का त्यानं?’’

‘‘न लावून सांगतो कुणाला?’’ फौंड्रीवाला म्हणाला. ‘‘बायको डायरेक्टर हाय. तिनं लाव म्हटलं की लावायलाच लागतंय.’’