उलट्या पृथ्वीवरचा सुपरमॅन

चांगला मनुष्य वाईट कधी होतो, हा प्रश्न थोरामोठ्यांच्या ग्रंथांतच भेटतो असे नव्हे. अमेरिकेतील कॉमिक्सच्या लेखकांनीही तो आपल्या परीने हाताळला आहे, हे नातवाच्या संगतीने आमच्या ध्यानी आले. कॉमिक्स हा केवळ पोरखेळ मानणाऱ्या पालकांसाठी ही थोडी हकीकत.

'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' या कॉमिक्समालिकेत १९६४ साली लेखक गार्डनर फॉक्स व चित्रकार माइक सेकोव्स्की यांनी एक 'तिसरी पृथ्वी' निर्माण केली. तेथील सारा इतिहास उलटा. कोलंबस अमेरिकेतून निघतो आणि युरोपचा शोध लावतो. अध्यक्ष बूथ यांचा खून लिंकन नावाचा नट करतो. अशा जगात शूरवीर तरी सुलटे कसे असणार? सुपरमॅनच्या जागी तेथे अल्ट्रामॅन, बॅटमॅनच्या जागी आउलमॅन. अशा पाच जणांची टोळी त्या पृथ्वीला लुटत असते. ज्या क्रिप्टोनाइटने सुपरमॅन गलितगात्र होतो, त्यानेच अल्ट्रामॅनला नवी शक्ती लाभते. पुढे १९८२ च्या एका कथेत उघड होते की, त्या पृथ्वीवरचा एकमेव सज्जन वीर म्हणजे ल्यूथर, अर्थात आपल्या परिचयाच्या सुपरमॅनचा हाडवैरी!

या कल्पनेत गंमत आहे, तसाच एक दिलासाही आहे. वाईट सुपरमॅन दूरच्या पृथ्वीवर राहतो. आपला सुपरमॅन मात्र निष्कलंक!

हा दिलासा पुढच्या लेखकांनी हळूहळू काढून घेतला. २००० साली ग्रँट मॉरिसन यांनी आउलमॅनला ब्रूस वेनचा भाऊ केले. आपल्या बॅटमॅनचे आईवडील गोळीबारात मरण पावतात आणि पोरका ब्रूस गुन्हेगारीविरुद्ध उभा राहतो. उलट्या जगात आई व ब्रूस मरतात, आणि मागे उरलेला भाऊ स्वतःच गुन्हेगार होतो. घाव एकाच जातीचा. त्यातून निघालेले पुरुष मात्र दोन.

२०१३ च्या 'इनजस्टिस' या व्हिडिओ गेममध्ये व त्याच्या कॉमिक्समध्ये तर घरचाच सुपरमॅन बिघडतो. जोकरच्या कपटाने त्याच्या हातून गर्भवती पत्नीचा मृत्यू होतो आणि अणुस्फोटात त्याचे शहर बेचिराख होते. शोकाने वेडापिसा झालेला सुपरमॅन जोकरला ठार मारतो. पुढे असे दुःख पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो जगावर धाकाचे राज्य लादतो.

हे वाचून नातवाने विचारले, "आजोबा, तो वाईट नक्की कधी झाला? जोकरला मारलं तेव्हा, की नंतर?"

उत्तर देताना आमच्या डोळ्यांपुढे सुपरमॅन नव्हता, आमचे एक चुलतबंधू होते. वाडीतले तंटे मिटवायला लोक त्यांनाच बोलावीत. जमिनीच्या वाटणीत सख्ख्या भावाने त्यांची फसवणूक केली. त्यांचा संताप रास्त होता, हे आम्ही आजही म्हणू. पण त्यांनी पहिल्याने बोलणे सोडले, मग विहिरीकडची वाट बंद केली, अखेर भिंत घातली. दर वेळी त्यांच्यापाशी सबळ कारण होते, आणि दर वेळी ते खरेही होते. दुष्ट होण्याचे त्यांनी कधी ठरवलेच नव्हते.

म्हणून आम्ही नातवाला सांगितले, "मारलं तेव्हा तो दुःखात होता रे. पण त्या दुःखाचा त्याने कायदा केला, तिथे तो हरवला." नातवाला ते कितपत पटले, कोण जाणे. त्याने पुढचा भाग सांगितला. त्या जुलमी सुपरमॅनला आवरण्यासाठी बॅटमॅनला शेवटी दुसऱ्या पृथ्वीवरून आणावा लागतो तोही सुपरमॅनच, तेवढ्याच बळाचा, पण न बिघडलेला. आम्हांला हे फार आवडले. प्रत्येकाच्या बिघडलेल्या रूपासमोर उभे राहण्याचे सामर्थ्य त्याच्याच चांगल्या रूपात असावे, एवढी आशा या कथाकारांनी शिल्लक ठेवली आहे.

चुलतबंधूंची भिंत अद्याप उभी आहे. तिच्यावरून दोन्ही घरची मुले कॉमिक्सची देवघेव करतात, आणि ती थांबवावी असे त्यांनाही वाटलेले दिसत नाही.