निरीक्षकाचे बळ कागदात

निवडणुकीची ड्यूटी केल्यावर माझे एक मत पक्के झाले: निरीक्षक आला म्हणून मतदान आपोआप स्वच्छ होत नाही. मात्र प्रत्येक टप्प्याचा लेखी पुरावा मागणारा कुणीतरी तिथे असतो, आणि हे थोडेथोडके नाही. मॉक पोलचेच घ्या. मतदान सातला सुरू होणार असेल, तर साडेपाचला केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून यंत्र तपासतात. कंट्रोल युनिटवरचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळल्या की यंत्रातली मते पुसायची, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या आणि प्रमाणपत्रावर सह्या घ्यायच्या. अपुऱ्या झोपेने पेंगणाऱ्या माणसांना एखादा टप्पा उरकून टाकावासा वाटतोच. पण शेजारी सूक्ष्म निरीक्षक बसलेला असला की तसे करणे अवघड जाते, कारण त्याचा अहवाल निरीक्षकाकडे जातो.

निरीक्षकही सरकारी अधिकारीच, तो सत्तेपुढे काय बोलणार, असे अनेकजण विचारतात. शंका रास्त आहे, म्हणून तर त्याला परराज्यात नेमतात आणि तो निवडणूक आयोगाला उत्तर देतो. शिवाय १९९६ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम २० बीने त्याच्या हाती खरा अधिकार आहे. बऱ्याच केंद्रांवर मतदान बळकावले गेल्याचे त्याचे मत झाले, तर तो मतमोजणी थांबवायला किंवा निकाल रोखायला सांगू शकतो. पुढचा निर्णय आयोगाचा.

याहून बोचरा आक्षेप केनियाचा. २०१७ मध्ये तिथल्या मतदानाची परदेशी निरीक्षकांनी वाखाणणी केली आणि १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची ती निवडणूकच रद्द केली. गफलत निकाल पाठवण्याच्या प्रक्रियेत आणि निकालपत्रकांत निघाली. म्हणून निरीक्षक कुचकामी ठरतात, असे मला वाटत नाही. रांगेतली शांतता पाहून भागत नाही, आकडा केंद्रापासून निकालापर्यंत कसा जातो तेही तपासावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे ही तपासणी नमुना १७ सी वर होते. केंद्रावर किती मते पडली याचा तो हिशेब मोजणीच्या टेबलावर यंत्राच्या आकड्याशी ताडला जातो. त्याची प्रत प्रत्येक मतदान प्रतिनिधीला मिळायलाच हवी, असा नियम आहे. शेकडो केंद्रांवर एकटा निरीक्षक पुरणार नाही. तेव्हा प्रतिनिधी म्हणून बसाल, तर १७ सी ची प्रत हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नका.