पाटाचं पाणी जिथून येतं

आमच्या श्रीगोंद्यात पाणी म्हणजे तारीख. आवर्तन कधी सुटणार, चारी किती दिवस चालणार, टेलपर्यंत पोचणार का, यावर माझी लिंबोणी जगते. कुकडीचा डावा कालवा जुन्नर, शिरूर, पारनेर करत आमच्याकडे येतो आणि पुढे कर्जत, करमाळ्याला जातो. पन्नाशी उलटेपर्यंत मी हे पाणी फक्त पाटात पाहिलं. गढूळ, घाईत चाललेलं, आणि बहुतेक वेळा रात्री, बॅटरीच्या उजेडात. येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे, वडज ही धरणं मला ठाऊक होती ती पेपरातल्या साठ्याच्या आकड्यांपुरती.

भाचा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जातो. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "मामा, या खेपेला तुम्ही चला. माणिकडोहच्या बॅकवॉटरला एक रात्र तंबू टाकू." मुद्दाम पेट्रोल जाळून उघड्यावर झोपायला जायचं, हे काही मला पटेना. दारं धरताना कितीतरी रात्री उघड्यावरच काढल्यात की! पण माणिकडोह म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही.

शिरूर, नारायणगाव, जुन्नर. जुन्नर सोडलं आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. चावंड किल्ल्याच्या अलीकडे एका वळणावर पाणी दिसलं. मी गाडी थांबवायला लावली. आमच्याकडे नजर जाईल तिथवर सपाट रान असतं. इथे डोंगरांच्या मधली सगळी खोरी पाण्याने भरलेली, आणि त्यावर चावंडच्या काळ्या कड्याची सावली पडलेली. फोनची रेंज मागेच गेली होती. बराच वेळ मला बोलायलाच सुचलं नाही. एवढं पाणी मी एका ठिकाणी उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तंबू टाकायची जागा मी निवडली, अगदी पाण्याजवळ, सपाट बघून. खुंट्या ठोकायला घेतल्या तशा भाच्याने हात धरला. "सरळ नाही, मामा. डोकं तंबूपासून लांब झुकवा, म्हणजे ताण आला तरी उपटत नाही." जन्मभर दावणीच्या खुंट्या ठोकल्या, पण इथला हिशेब वेगळा होता. दार वाऱ्याकडे ठेवायचं नाही, हेही त्यानेच सांगितलं. मग मी कळशीभर पाणी आणायला काठावर गेलो. वरून वाळलेली, भेगा पडलेली जमीन दिसत होती. तिसऱ्या पावलाला डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. उपसायला जावं तर उजवाही रुतायला लागला. खरंच घाबरलो. भाच्याने काठी पुढे केली, मी अंग मागे टाकून बसलो आणि हळूहळू पाय सोडवला. चप्पल आतच राहिली. पायाला लागलेला गाळ मी बोटांनी चोळून पाहिला. मऊ, काळा, लोण्यासारखा. धरणाच्या काठावर नवख्या माणसाने पोहायला का उतरू नये, ते तेव्हा समजलं. वरून जमीन वाटते, आणि खाली आधारच नसतो.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन आले. तंबूकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, हितं नका राहू. रातच्याला जनावर पाण्यावर येतं. वर खाचराच्या बांधापाशी लावा." जनावर म्हणजे बिबट्या, हे विचारावं लागलं नाही. धरणाजवळच बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, आणि उसातला बिबट्या आता आमच्याही भागाला नवा नाही. तंबू उपटला आणि भाताच्या मोकळ्या खाचराशेजारी नेला.

रात्री झोप लागली नाही. टिटवी ओरडली की उठून बसायचो. तंबूच्या आतल्या कापडावर दव धरलं आणि थेंब गालावर पडायला लागले. शेवटी घोंगडी घेऊन बाहेर आलो. वारा पडला होता आणि चांदण्या पाण्यात जशाच्या तशा उतरल्या होत्या. आमच्या चारीत पाणी सतत बोलत असतं. इथे तेच पाणी गप्प. मी पहाटेपर्यंत तिथेच बसलो.

उजाडल्यावर समोरच्या उतारावर लक्ष गेलं. झाडीच्या खालपासून पाण्यापर्यंत मातीत आडव्या रेघा होत्या, एकाखाली एक, बारीक पायऱ्यांसारख्या. पाणी जिथे काही दिवस थांबलं, तिथे लाटांनी माती कापलेली. खाली सोडलं, की नवी रेघ. मी बोटाने मोजू लागलो. रब्बीत माझ्या लिंबोणीला मिळालेलं पाणी यातल्याच कुठल्यातरी दोन रेघांमधलं होतं.

बाबा पुन्हा आले, चहा घेतला. मी रेघा दाखवल्या. ते म्हणाले, धरणात त्यांच्या वडिलांची खाचरं गेली. पाणी उतरलं की तीच जमीन थोडी उघडी पडते, त्यात ते गाळपेर करतात. उन्हाळ्यात पाणी इतकं लांब जातं की घरच्या बायकांना हंडा घेऊन हा सगळा गाळ तुडवत जावं लागतं. कुणाला दोष देण्याचा सूर नव्हता. माझ्या मात्र घशाखाली चहा उतरेना. इतकी वर्षं आवर्तन उशिरा आलं म्हणून मी ज्या धरणाच्या नावाने बोलत होतो, त्याच्या काठावर हा माणूस राहत होता.

"तुम्ही कुठलं?" त्यांनी विचारलं.

"श्रीगोंदा. तुमचं पाणी आमच्याकडे येतं, बाबा."

त्यांनी मान डोलावली, पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग उन्हाळी आवर्तन कधी सुटायचं, काही कळलं का?"